मामांची सहाशे बारा मेंढरं

भंगारवाल्यानंही जिला 'नको' म्हटलं त्या वस्तूनं पुढं कुणाच्या तोंडाकडं पाहायचं, हा प्रश्न अजिनाथमामांना निवृत्तीला एकोणतीस दिवस उरलेले असताना पडला.

शहागंजातून आलेल्या त्या गृहस्थानं हातगाडी वाचनालयाच्या दारात लावली. आत येऊन मांडणीतली एक ग्रामोफोनची तबकडी उपसली, पंख्यासारखी तोंडासमोर हलवून थोडी हवा घेतली, नखानं वाजवली आणि परत ठेवली.

"चाचा, लोखंड रहा तो देव. रद्दी रही तो देव. ये क्या काम का? नक्को."

जाता जाता त्यानं मांडणीवरून मात्र प्रेमानं हात फिरवला. मांडणी सागवानी होती.

लोकप्रबोध सार्वजनिक वाचनालय गुलमंडीमागच्या एका बोळात आहे. तिथं अजिनाथ बिरू शिंगाडे बत्तीस वर्षं शिपाई होते. या काळात ग्रंथपाल पाच झाले, सचिव सात झाले, मामा मात्र एकच राहिले. नवा सभासद आला की तो आधी त्यांनाच ग्रंथपाल समजायचा. गैरसमज दूर करायची मामांना कधी घाई नसायची.

वाचनालयाच्या मागच्या खोलीवर 'श्रवण विभाग' अशी पाटी होती. खडकेश्वरातले काकासाहेब वकील ब्याण्णव साली वारले. त्यांच्या घरच्यांनी त्यांचा छंद दोन टेम्पोंत भरून वाचनालयाला दान केला. सहाशे बारा तबकड्या आणि एक रेकॉर्डप्लेअर. दान देताना घरच्यांचे चेहरे फार हलके झाले होते, असं मामा सांगतात. पाचसहा वर्षं विभाग जोरात चालला. लोक बसून ऐकायचे, सात दिवसांच्या मुदतीनं घरीही न्यायचे. मग कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, शेवटी फोन आला आणि श्रवण विभागात फक्त पाली ऐकू यायला लागल्या.

सध्याचे सचिव अभयराव. वय पंचेचाळीस. माणूस सज्जन, फक्त सभेच्या खुर्चीत बसला की बिघडतो. त्यांनी ठराव केला, श्रवण विभाग बंद, तिथं स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका. चाळीस टेबलं, चाळीस प्लगपॉइंट.

"मामा, एक तारखेला सकाळी घंटागाडी येईल. तोवर काय वाटायचं ते वाटा. उरलं ते गाडीत," अभयराव म्हणाले. आणि लगेच खिशातून फोन काढून म्हणाले, "बरं, तुम्ही आमच्या राजनंदिनीचा डान्स पाहिला का?"

मामांनी तो सहा वेळा पाहिला होता. वाचनालयाचं वीजमीटर बघायला येणाऱ्या माणसानंही दोनदा पाहिला होता. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब, पण इथल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये दर जानेवारीला इतक्या होड्या निघतात की रत्नागिरीवाल्यांनी तोंडात बोट घालावं. राजनंदिनी तिसरीत. डोक्यावर फूल, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. कोळीगीत जोरात चाललेलं, आणि मध्येच सगळ्या पोरी थांबून उजवा पाय आपटतात. एकदा. दोनदा. तीनदा. गाणं एकीकडं, पाय भलतीकडं. आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा तालात.

"परीक्षकांनी शेरा काय दिला माहितीये? 'पारंपरिक पदन्यास जपला.' पहिलं बक्षीस!"

"लई ग्वाड," मामा म्हणाले आणि तीन वेळा खोकले.

आता हा खोकला सांगितलाच पाहिजे.

मामा कन्नड तालुक्याकडचे. बाप बिरू शिंगाडे मेंढरं राखायचा. मामा सव्विसाव्या वर्षी वाचनालयात लागले तेव्हा पहिल्या ग्रंथपालांनी त्यांना शिक्के मारायला शिकवलं. पहिल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक आणि सतराव्या पानावर एक. सतरावं पान गुप्त. चोरानं पुढची-मागची पानं फाडली तरी सतराव्यावर शिक्का सापडतो आणि पुस्तक कुणाचं ते कळतं. मामांना हे फार पटलं. त्यांच्या घरी मेंढराच्या लोकरीला रंग लावायचे, पण रंग पावसात जातो, म्हणून कानाला बारीक कापही द्यायचे. वाचनालयवाले धनगराइतके शहाणे असतात हे पाहून त्यांना आनंद झाला.

पुढच्याच महिन्यात तबकड्या आल्या. ग्रंथपाल म्हणाले, "यांना खुणा करून घे," आणि जेवायला गेले. आता तबकडीचं सतरावं पान कुठलं? मामांनी पाकिटावर शिक्का मारून पाहिला. पण पाकीट म्हणजे कपडा. कपडा कुणीही बदलतो. खूण अंगावर पाहिजे. मग त्यांनी पट्टी घेतली, काठापासून सतरा मिलिमीटर मोजले आणि कंपासच्या टोकानं तिथं एक बारीक टोचा दिला. मोजून, सुबक, जोर लावून. सहाशे बारा वेळा. चार दिवस लागले. ग्रंथपालांना चकित करायचं म्हणून बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी एका सभासदानं पहिली तबकडी लावली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज आला. टक्. तबकडीनं एक फेरा घेतला. टक्. आणखी एक फेरा. टक्.

"सुई जुनी आहे," ग्रंथपाल म्हणाले.

त्या वर्षात वाचनालयानं तीन सुया बदलल्या. चौथ्या वेळी मामांना राहवेना, पण सांगायचीही छाती होईना. नोकरी लागून वर्ष झालेलं, गावाकडं आईनं पेढे वाटलेले. मग त्यांनी मार्ग काढला. सुई त्या जागी आली की खोकायचं. टक्, खोकला, टक्, खोकला. वर्षभरात इतकी सफाई आली की टक् कुणाला ऐकूच येईना. सभासदांनी वर्गणी काढून त्यांच्या छातीचा फोटो काढवला. फोटोत छाती दगडासारखी निघाली. पण सवय अंगात मुरली. कुठंही गाणं लागलं, लग्नात बँड वाजला, शेजारी रेडिओ लागला, की चार-साडेचार मिनिटांनी मामांच्या घशात आपोआप खाज सुटायची. घरी आक्काबाई तीस वर्षं अडुळशाचा काढा करत आल्या होत्या. त्यांनाही खरं कारण माहीत नव्हतं.

तेव्हा निवृत्तीआधी या सगळ्या तबकड्यांना दार मिळवून द्यायचं, एकही घंटागाडीत जाऊ द्यायची नाही, असं मामांनी ठरवलं ते काही संगीतप्रेमापोटी नव्हे. ती त्यांनी कान कापलेली मेंढरं होती.

पहिलं गिऱ्हाईक ऋतुराज. दौलताबाद रस्त्यावर त्याचं नवं कॅफे. पोरगा गोड, दाढी त्याहून गोड.

"काका, मी सगळ्या घेतो. शंभर भिंतीला. बाकीच्या गरम पाण्यात टाकल्या की मऊ होतात, मग त्यांचे बाऊल करायचे. त्यात फ्रेंच फ्राइज."

"कशाचं बाऊल?"

"रेकॉर्डचंच. लय भारी दिसतं."

मामांनी त्याला चहा पाजला, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं आणि परत येऊन मागच्या खोलीला कुलूप लावलं. मेंढरू पाळायला मागणारा आणि रश्शासाठी मागणारा त्यांना चेहऱ्यावरून कळायचा.

दुसरे शिवराज नावाचे संग्राहक, बाहेरगावचे. पांढरे हातमोजे, भिंग, कपाळावर दिवा. तबकडी दोन तळव्यांत काठानं धरली तेव्हा मामांना भरून आलं. हा माणूस पोटच्या पोरासारखं सांभाळणार! शिवराजनी भिंग लावलं. मग दुसरी काढली. तिसरी. वीसेक झाल्यावर त्यांनी दिवा विझवला.

"हे काय आहे? प्रत्येकीवर एकाच ठिकाणी टोचा? मोजून?" त्यांना हसू आवरेना. "कोण हा महापुरुष?"

मामा खोकले. गाणं लागलेलं नव्हतं तरी खोकले.

"आधीचा शिपाई व्हता. तुळशीराम. वारला बिचारा."

तुळशीराम खरोखरच वारला होता, पण तबकड्या यायच्या आधी दोन वर्षं. शिवराजनी हातमोजे काढून खिशात घातले. "या कुणालाच चालायच्या नाहीत. सॉरी."

त्या संध्याकाळी मामांनी आक्काबाईंना सगळं सांगितलं. ब्याण्णव सालापासून. आक्काबाई भाकरी थापत होत्या, त्या थापतच राहिल्या.

"म्हंजी तुमची छाती चांगली हाय?"

"चांगलीच हाय."

"अन् मी तीस वर्सं झाडं वरबाडली अडुळशाची!" त्यांनी भाकरी तव्यावर आपटली. "ते जाऊ द्या. पण मेलेल्या माणसावर घातलंत? तो काय वरून नाय म्हणायला येणार व्हय? माझा सासरा कन्नडच्या बाजारात मेंढी घेऊन हुबा राहिला की आधी खोड सांगायचा. 'हिला डाव्या डोळ्यानं दिसत नाय अन् कुंपण दिसलं की उडी मारती.' गिऱ्हाईक हात मागं घ्यायचं तरी सांगायचा. त्याचा लेक तुम्ही, हातमोजेवाल्यासमोर तुळशीराम काढता?"

मामांना बाप आठवला. तो म्हणायचा, खोड न सांगता जनावर दिलं की ते नव्या दारात मार खातं. सांगून दिलं की घेणारा आपण होऊन सांभाळून घेतो. मामांनी उरलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारावर खडूनं लिहिलेला फळा लागला. अक्षर मोत्यासारखं.

'जुन्या रेकॉर्डी देणे आहे. फुकट. प्रत्येकीच्या पहिल्या बाजूला, दुसऱ्या गाण्यात, तीन वेळा टक् होते. खोड कायमची आहे, सुधारणार नाही. ती मी स्वतः नोकरीला लागल्यावर कंपासच्या टोकाने केली आहे. मान्य असेल त्यानेच यावे. भिंतीला लावणाऱ्यांनी येऊ नये. अजिनाथ बिरू शिंगाडे, शिपाई.'

कुणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो शहरातल्या सगळ्या फोनांतून फिरून आला, 'शुभ सकाळ'च्या फुलांनाही मागं टाकून.

आणि माणसं यायला लागली. फुकट म्हणून आलेली निम्मी परत गेली, कारण मामा घर बघितल्याशिवाय देत नसत. सायकल काढून जायचे. ऊन कुठून येतं, तबकड्या उभ्या ठेवणार की आडव्या, दात येणारं पोर आहे का, अशी चौकशी करायचे. सिडकोतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना त्यांनी कुत्र्यापायी नाकारलं, तेव्हा मास्तरांनी कुत्रा भावाकडं पाठवला आणि तीस तबकड्या मिळवल्या. छावणीतल्या तबल्याच्या मास्तरांनी शास्त्रीय संगीताच्या सगळ्याच उचलल्या. "टक् आल्यावरही ज्याचा ठेका हलत नाही, तो पोरगा पास," म्हणाले. खुलताबादेकडच्या गोजरबाईंचा चाळीस म्हशींचा गोठा. दूध काढताना गाणी लावायची म्हणून त्यांनी नाट्यगीतं मागितली. मामा जातीनं गोठ्यात जाऊन उभे राहिले. टक् ऐकून एकही म्हैस दचकली नाही. उलट दुसऱ्यांदा टक् झालं तेव्हा एकीनं मान वळवून मामांकडं पाहिलं. तिला कळलं असावं, असं मामांना वाटलं.

अशा सहाशे अकरा गेल्या.

मधल्या काळात फळ्याचा फोटो अभयरावांच्याही फोनवर आला होता. वाचनालयाच्या मालमत्तेचं हेतुपुरस्सर नुकसान आणि वर त्याची जाहिरात! सभेची खुर्ची जवळच होती, ते तिच्यात बसले आणि बिघडले. मामांना कारणे दाखवा नोटीस निघाली. चौकशी एकतीस तारखेला. मामांचा निरोप समारंभही एकतीस तारखेलाच होता, तो रद्द करायचा तर शाल आणलेली होती. तेव्हा असं ठरलं, की दोन्ही एकाच चहावर उरकायचं. विषय क्रमांक एक, निरोप. विषय क्रमांक दोन, चौकशी.

"आधी दुसरा घ्या साहेब," मामा म्हणाले. "शाल पांघरून चौकशी बरी नाय दिसायची."

पण मामांचा जीव नोटिशीत नव्हता. तो त्या राहिलेल्या एकीत होता. क्रमांक चारशे सतरा. तिचं चित्राचं पाकीट केव्हाच फाटलं होतं, मामांनी तिला खाकी कागदाचं घातलं होतं. लोक चित्रं बघून निवडायचे, खाकीला कोण हात लावणार? पाकिटाला मुदतीच्या चिठ्ठ्या मात्र एकावर एक तीन डकवलेल्या. एकेकाळी सगळ्यांत जास्त घरी गेलेली हीच. सकाळी घंटागाडी येणार होती. मामांनी तिला चौकशीच्या टेबलावर आपल्यासमोर ठेवलं होतं.

एकतीस तारखेला चार वाजता समितीची पाच माणसं, वाफाळता चहा, कोपऱ्यात आक्काबाई आणि पुष्पगुच्छ घेऊन उभी राजनंदिनी, असा सगळा थाट जमला. अभयरावांनी घसा साफ केला आणि विचारलं, "नोटिशीवर तुमचं काय म्हणणं आहे?"

"म्या केलंय," मामा म्हणाले. "फळ्यावर लिवलंय त्येच."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आधी काठी आत आली, मग द्वारकाबाई आल्या. वय ऐंशी, गुडघा नवा, आवाज जुनाच. मुलींच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली निम्मी गॅदरिंग बसवण्यात घालवली. समितीतली तीन माणसं नकळत उठून उभी राहिली. अभयरावांच्या थोरल्या बहिणीनं त्यांच्या हातची छडी खाल्ली होती, त्यामुळं तेही उठले.

"माझ्या मुलींनी फोटो पाठवला," बाई म्हणाल्या. "अजिनाथ, ते कोळीगीत आहे का रे? की दिलंस कुणाच्या म्हशीला?"

"हाय बाई. हे काय." मामांनी खाकी पाकीट पुढं केलं.

बाईंनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, दर डिसेंबरात त्याच. "लाव."

"बाई, चौकशी चालू आहे," अभयराव हळूच म्हणाले.

"मग चौकशीच करतेय. बस."

रेकॉर्डप्लेअर टेबलावर आला. मामांनी तबकडी चढवली. "बाई, आधी सांगतो. दुसऱ्या गाण्यात तीन वेळा..."

"मला सांगतोस?" बाई समितीकडं वळल्या. "त्या गाण्यात संगीतकारानं होडीला वल्ह्याचे तीन ठोके दिलेत. तालाबाहेर, मुद्दाम. समुद्र काय तालात असतो? मी निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं पोरींना शिकवलं, ठोका आला की पाय आपटायचा. त्या पोरी मास्तरणी झाल्या, कन्नडला गेल्या, खुलताबादला गेल्या, त्यांनी त्यांच्या पोरींना शिकवलं. आणि हल्ली फोनवर तेच गाणं लावते तर ठोके गायब! मी कंपनीला पत्र टाकलं, आमची वल्ही कुणी कापली म्हणून. उत्तर नाही."

समितीतल्या एकानं फळ्याच्या फोटोची प्रत उचलून पुन्हा वाचली. अभयरावांनी खिशावर हात ठेवला. खिशात फोन होता आणि फोनमध्ये त्यांची लेक पाय आपटत होती.

मामांना खोटं बोलायला याहून सुंदर संधी कुणी दिली नसती. नुसतं गप्प बसलं असतं तरी संगीतकाराच्या नावावर सगळं खपलं असतं. मामांनी आक्काबाईंकडं पाहिलं. त्या भाकरी आपटतानाच्या चेहऱ्यानं बघत होत्या.

"बाई, ते संगीतकारानं नाय केलं. म्या केलं. मेंढराचा कान कापावा तसं. खूण म्हणून."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे वल्हं मारणारा तू?"

"व्हय बाई."

"कंपासनं?"

"व्हय."

बाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या. वर्गात असं बघून झालं की त्या एक तर छडी मागायच्या, नाहीतर पेढा द्यायच्या, आणि आधी काहीच कळायचं नाही. मग त्या काठीवर जोर देऊन म्हणाल्या, "लाव म्हटलं ना."

सुई टेकली. पहिलं गाणं गेलं. दुसरं सुरू झालं. भिंतीतल्या पालीही थबकल्या असाव्यात. मामांना न मोजताच कळत होतं, जागा जवळ आलीय. घशात खाज सुटली. बत्तीस वर्षांची सवय वर चढायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, मान ताठ झाली. आक्काबाई पदराला हात घालून पुढं सरकल्या.

मामांनी तोंड मिटलं आणि गिळलं.

टक्.

द्वारकाबाईंची काठी फरशीवर आपटली.

टक्.

कोपऱ्यात राजनंदिनीनं पुष्पगुच्छासकट उजवा पाय आपटला, दोन पाकळ्या खाली पडल्या.

टक्.

तिसऱ्याला टेबलाखालीही एक बूट वाजला. समितीनं वाकून पाहिलं. तो सचिवांचा होता. तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिल्यावर माणूस दुसरं काय करणार?

गाणं पुढं गेलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मामांनी ते मधलं कडवं नीट ऐकलं. बरं होतं.

तबकडी संपल्यावर अभयरावांनी नोटीस घडी करून बशीखाली सारली. इतिवृत्तात 'वाचून कायम' लिहायची पद्धत आहे. विषय क्रमांक दोनसमोर त्यांनी 'ऐकून कायम' असं लिहिलं आणि शाल मागवली.

द्वारकाबाई तबकडी काखेत घेऊन उठल्या. मामांनी सवयीनं शिक्का उचलला. "बाई, मुदत सात दिवस."

"बघू," बाई म्हणाल्या. त्र्याण्णव सालापासून त्या हेच म्हणत आल्या होत्या आणि एकदाही वेळेवर परत आल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली, तिला वाचनालयानं दोन कोमेजलेल्या पाकळ्या दिल्या. मामा घरी होते. शेजारी कुणाच्या तरी वास्तुशांतीची गाणी लागली होती. एक संपलं, दुसरं सुरू झालं, मध्यावर आलं, पुढं गेलं. आक्काबाई वाटी घेऊन दारात उभ्या.

"खोकला नाय आला?"

"नाय."

"बरं नसंल मग," आक्काबाई म्हणाल्या. "घ्या, काढा प्या."

मामांनी तो मुकाट्यानं प्यायला. तीस वर्षं जिनं झाडं वरबाडली, तिला आता नाय म्हणायची त्यांची छाती नव्हती.